डिस्चार्ज कार्डावरचं ‘एक्झॅसर्बेशन’

पत्र:

डॉक्टर, माझी आई ६६ वर्षांची आहे, कराडजवळच्या गावात राहते. विडी-सिगारेट तिनं कधी हातात धरली नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे काढली. चार वर्षांपासून दम आहे, पंप चालू आहे. गेल्या महिन्यात थंडी पडली आणि धाप एकदम वाढली. बेडका हिरवट पडायला लागला, तीन रात्री तिनं उशीला टेकून बसून काढल्या. पाच दिवस ॲडमिट होती. आता घरी आलीय, अंगणात फिरते, जेवते. पण डिस्चार्ज कार्डावर ‘अक्यूट एक्झॅसर्बेशन ऑफ सीओपीडी’ असं लिहिलंय. वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारलं तर ‘आजार वाढलाय’ एवढंच म्हणाले. भाऊ दुबईला असतो, त्याला कार्डाचा फोटो पाठवला. तो म्हणतो, अक्यूट पण आहे आणि क्रॉनिक पण आहे, म्हणजे फारच सिरीयस. मावशी म्हणते, शेवटची स्टेज. बोटाला लावायचं मशीन ९१ दाखवतं, त्याचीही धास्ती. हे सगळं आईच्या कानावर गेलं. परवा म्हणाली, ‘वाढतच चाललंय तर पंपाला पैसे कशाला घालता?’ दोन दिवस तिनं पंप ओढलाच नाही. या शब्दाचा अर्थ नेमका काय? आणि आईला काय सांगू?

– एक मुलगी, कराड

उत्तर:

ताई, आधी आईंच्या हातात पंप द्या. शब्दाचं मग बघू. दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले आठ आठवडे या आजारात सगळ्यात नाजूक असतात, दुसरा झटका येण्याचा धोका याच काळात जास्त असतो. त्यात रोजचा पंप बंद म्हणजे दाराची कडी काढून ठेवण्यासारखं आहे. कार्डावर जसा लिहून दिलाय तसा, सकाळ-संध्याकाळ, आजपासून. दोन दिवस चुकले म्हणून दुप्पट ओढायचा नाही.

आता तो शब्द. सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागणारा, फुप्फुसांचा जुना आजार. तुमच्या आईंचा हा जुना आजार काही दिवसांपुरता उसळला होता, एवढंच त्या ओळीत लिहिलंय. ‘उसळला होता’ यातला ‘होता’ महत्त्वाचा आहे. एक्झॅसर्बेशन ही एक घटना असते. ती अमुक तारखेला सुरू होते आणि अमुक तारखेला ओसरते. आई अंगणात फिरतात, जेवतात असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे घटना ओसरली आहे. कार्ड मागे काय झालं ते सांगतंय, पुढे काय होणार ते नाही.

घोटाळा झालाय तो आपल्या ‘आजार वाढलाय’ या बोलण्यानं. मराठीत ‘वाढणं’ दोन्हीकडे चालतं. ताप वाढतो आणि उतरतो. वय वाढतं ते मात्र उतरत नाही. डॉक्टरांच्या मनात ताप वाढल्यासारखं वाढणं होतं, आईंनी वय वाढल्यासारखं ऐकलं. त्यांचं काही चुकलं नाही. तो शब्द एकटा सोडला की ऐकणारा आपल्या भीतीप्रमाणे अर्थ लावतो.

हे मी इतकं ठासून सांगतेय त्याला कारण आहे. वॉर्डात नवीन होते तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला मीही व्हरांड्यात उभ्या उभ्या असंच सांगितलं होतं, ‘दमा वाढलाय तुमच्या वडिलांचा.’ रात्रीच्या राउंडला गेले तर खाट रिकामी. सही करून घेऊन गेले होते, ‘वाढलंच आहे तर घरात जीव जाऊ दे’ म्हणून. औषधाला ते चांगली साथ देत होते, आणखी तीन दिवसांत चालत घरी गेले असते असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. पुढे त्यांचं काय झालं ते मला कधी कळलं नाही. त्या दिवसापासून ‘वाढलाय’ हा शब्द मी नातेवाइकांसमोर एकटा वापरत नाही.

मग मराठीत म्हणायचं काय? आपल्याकडे यासाठी फार चांगला शब्द आहे: उचल खाणं. ‘जुन्या दुखण्यानं उचल खाल्ली’ असं आपल्या आज्या म्हणायच्या. त्यात दुखणं जुनं आहे हे येतं, मध्ये ते दबून होतं हे येतं, आणि उचल खाल्लेली गोष्ट पुन्हा बसते हेही येतं. लॅटिनमधून आलेल्या मूळ शब्दातही एवढं सगळं नाही. तिथे ‘ॲसर्बस’ म्हणजे कच्च्या फळाची तोंड आवळून टाकणारी आंबट-तुरट चव, आणि त्यावरून एखादी गोष्ट आणखी जहाल होणं. आयुर्वेदातला ‘प्रकोप’ अर्थानं जवळचा आहे. दोषांचा आधी चय, मग प्रकोप, मग प्रशम, असं ते ऋतुचक्र आहे. वात ग्रीष्मात साठतो, पावसाळ्यात प्रकोप पावतो, शरदात शमतो. म्हणजे प्रकोपाच्या पाठीला प्रशम बांधलेलाच होता. पण आज प्रकोप म्हटलं की लोकांना डेंग्यूची साथ आठवते किंवा देवीचा कोप. घरात वापरायला तो नको. उचलच बरी.

भावाला कळवा की अक्यूट आणि क्रॉनिक हे दोन्ही शब्द किती गंभीर ते सांगत नाहीत, किती काळाचं ते सांगतात. अक्यूट म्हणजे अचानक आलेलं, थोड्या दिवसांचं. साधी सर्दीही अक्यूट असते. क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ चाललेलं. आईंचा आजार जुना, त्यात मध्येच आलेली ही उचल ताजी. म्हणून एका ओळीत दोन्ही शब्द आले, त्यांची बेरीज करायची नसते.

मावशींची ‘शेवटची स्टेज’ ही तर कार्डावर कुठेच नाही. सीओपीडीचे टप्पे स्पायरोमेट्रीवर ठरतात. नाकाला चाप लावून नळीत जोरानं फुंकायची ती तपासणी. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते ते त्यात मोजतात. त्या वयाच्या, त्या उंचीच्या माणसाच्या अपेक्षित आकड्याच्या ८० टक्के किंवा जास्त असेल तर पहिला टप्पा, ५० ते ७९ दुसरा, ३० ते ४९ तिसरा, ३० च्या खाली चौथा. आणि ही तपासणी उचल खाल्लेली असताना करतच नाहीत, कारण तेव्हाचा आकडा त्या माणसाचा खरा आकडा नसतो. आई पूर्ण सावरल्या की, साधारण तीनेक महिन्यांनी, ती करून घ्या. मग टप्प्याचं बोलता येईल. तोवर मावशींना सांगा की काळजी त्यांची खरी आहे, निदान नाही.

डॉक्टर ‘एक्झॅसर्बेशन’ हा शब्द कधी लिहितात? १९८७ साली कॅनडातल्या विनिपेगच्या डॉक्टरांनी तीन साधे प्रश्न पुढे ठेवले: धाप वाढली का, बेडका जास्त पडतो का, बेडक्याचा रंग पिवळा-हिरवा झाला का. आजही खाटेजवळ उभं राहून आम्ही हेच तीन विचारतो. २०२१ मध्ये त्याला मुदत जोडली गेली: धाप किंवा खोकला-बेडका १४ दिवसांच्या आत बळावला, तर ती उचल. सहा महिन्यांत हळूहळू जिना चढणं जड होत गेलं, तर त्याला एक्झॅसर्बेशन म्हणत नाहीत. ते आजाराचं पुढे सरकणं, त्याला प्रोग्रेशन म्हणतात. आईंच्या बाबतीत तीन प्रश्नांपैकी किमान दोहोंचं उत्तर हो होतं. हिरवा बेडका दिसला म्हणून ॲन्टिबायोटिक दिलं असणार, शिवाय मशीनची वाफ आणि पाचेक दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या. पाच दिवसांचा छोटा कोर्स पुरतो हे २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मोठ्या चाचणीत दिसलंय. त्या उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवून पुढच्या वेळी आपल्या मनानं देऊ नका.

हा शब्द पुढे इतर कुणाच्या कागदावर दिसला तर एक लक्षात असू द्या. ‘ऑफ’च्या पुढे काय लिहिलंय ते वाचायचं. ‘एक्झॅसर्बेशन ऑफ अस्थमा’ म्हणजे दम्याचा झटका, वेळेवर औषध मिळालं तर माणूस बहुधा पूर्ववत होतो. फुप्फुसं आतून निबर होत जातात त्या फायब्रोसिसच्या आजारात हाच शब्द आला तर मात्र तो फार जड असतो, तिथे आम्ही नातेवाइकांना वेगळं बसवून बोलतो. सांधेदुखीत याच प्रकाराला फ्लेअर म्हणतात, हृदयाच्या आजारात डीकॉम्पेन्सेशन. रिलॅप्स वेगळं: आजार बरा झाला होता आणि परत आला. गावाकडे म्हणतात ना, ‘टायफॉइड उलटला’, तो रिलॅप्स. आईंचा सीओपीडी बरा झालेलाच नव्हता, त्यामुळे तो उलटला असं म्हणता येणार नाही.

एवढं वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल. वाटू दे. पण आता दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगते, कारण घाबरून पंप सोडणारी घरं मी पाहिलीत आणि ‘उतार पडला, झालं’ म्हणून पंप सोडणारीही पाहिलीत.

तुम्ही कराडच्या. प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेचं पाणी चढलेलं आणि ओसरलेलं कितीदा पाहिलं असेल. पूर ओसरतो, पण काठाची थोडी माती घेऊन जातो. सीओपीडीची प्रत्येक मोठी उचल फुप्फुसाची थोडी ताकद नेते. लंडनमध्ये रुग्णांनी रोज घरी लिहिलेल्या डायऱ्यांवरून जो अभ्यास झाला, त्यात वारंवार उचल खाणाऱ्यांची फुप्फुसं इतरांपेक्षा लवकर उतरणीला लागलेली दिसली. त्याच डायऱ्यांत असंही दिसलं की निम्म्या रुग्णांची लक्षणं आठवड्याभरात मागे गेली, पण फुंकण्याची ताकद मोजली तर चौघांतला एक पाच आठवड्यांनंतरही आधीच्या जागी आलेला नव्हता. म्हणून महिना झाला तरी आईंना अजून थकवा असेल तर त्या कुरकुर करत नाहीयेत. शरीर भरून काढतंय.

आणि पुढची उचल कुणाला येईल याची सगळ्यात भरवशाची खूण कोणती, तर मागच्या वर्षी आलेली उचल. म्हणून आम्ही त्या मोजतो. वर्षात ॲडमिट व्हावं लागलेली एक जरी झाली तरी रुग्ण जास्त जोखमीच्या गटात जातो आणि रोजच्या पंपातलं औषध बदलण्याचा विचार होतो. आईंची ॲडमिट व्हावं लागलेली एक झाली. पुढच्या भेटीत डॉक्टरांना नीट विचारा: ‘ॲडमिट व्हावं लागलं होतं, आता पंप हाच ठेवायचा की बदलायचा?’ हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि विचारला नाही तर गर्दीच्या ओपीडीत तो राहून जातो.

बोटाच्या मशीनचं. करोनात आपण सगळे ९४-९५ चा आकडा पाठ करून बसलो. तो आकडा ज्यांची फुप्फुसं आधी चांगली होती त्यांच्यासाठी होता. सीओपीडीच्या पेशंटला ऑक्सिजन लावतो तेव्हा आम्ही ८८ ते ९२ च्या मध्येच ठेवतो, मुद्दाम. अशा काही रुग्णांत ऑक्सिजन जास्त झाला तर कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात २०१० साली ॲम्ब्युलन्समधल्या रुग्णांवर अभ्यास झाला. भरपूर ऑक्सिजन लावलेल्यांच्या तुलनेत मोजून मापून लावलेल्यांमध्ये मृत्यू निम्म्याहून कमी होते. तेव्हा बसल्या जागी ९१ दिसतंय म्हणून कुणी भाड्याचं ऑक्सिजन मशीन आणून नळी जोडू नये. डॉक्टरांकडून कार्डावर एक आकडा लिहून घ्या: आईंचा नेहमीचा किती, आणि किती खाली गेला तर निघायचं.

लगेच निघायचं ते केव्हा, हे मात्र आकड्यापेक्षा आईंकडे बघून ठरवा. एक वाक्य दमात पुरं होत नाही, ओठ निळसर दिसतात, पावलं सुजली आहेत. आणि सगळ्यात फसवं: आई झोपाळल्यासारख्या करतात, विचारलेल्याचं भलतंच उत्तर देतात. धापेनं तळमळणारा माणूस एकदम शांत झाला तर घरच्यांना वाटतं आराम पडला. तो आराम नसतो. रात्र असली तरी गाडी काढायची.

आता धुराकडे येते. तुमच्या पत्रातलं ‘चाळीस वर्षं चुलीपुढे’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. सीओपीडी म्हणजे सिगारेटवाल्यांचा आजार, ही समजूत डॉक्टरांमध्येही खूप वर्षं घट्ट होती. २००९ मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहून दाखवलं की जगात सुमारे ३ अब्ज लोक लाकूड, शेणी, पाचट यांच्या धुरात श्वास घेतात आणि सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीचं हे मोठं कारण आहे. २०१६ मध्ये भारतात या आजाराचे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. त्यात आपल्या किती आया असतील! खाली वाकून फुंकणीनं फुंकायचं, डोळे पुसायचे, पोराला काखेत घेऊन भाकरी थापायची. या बायकांनी आयुष्यभर जो श्वास घेतला त्याची नोंद कुठल्याच कार्डावर नसते. आईंच्या फाइलवर ‘नॉन-स्मोकर’ एवढंच लिहिलेलं असेल. पुढच्या वेळी डॉक्टरांना चुलीचं आवर्जून सांगा.

तुमच्याकडे गॅस आला असेलच. पण मी एक नेहमी विचारते: अंघोळीचं पाणी कशावर तापतं? दहांतल्या निम्म्या घरी उत्तर येतं, ‘ते तर चुलीवरच’ नाहीतर ‘बंब आहे मागे.’ थंडीत पहाटे, दारं बंद, आई बंबात चिपाड सारतायत. उचल तिथूनच येते. ते काम त्यांच्याकडून काढून घ्या, निदान ही थंडी जाईपर्यंत. तसंच मिश्री भाजताना त्या खोलीत नकोत. डासांची कॉइल तर नकोच. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघालेले मोजले होते. त्यापेक्षा मच्छरदाणी लावा. आणि तुमच्या भागात आता ऊस तोडला जाईल तसं पाचट पेटेल. शेजारच्यांना पेटवू नका म्हणणं सोपं नाही, मला माहीत आहे. पण पेटवायच्या आधी सांगा, एवढं तरी म्हणता येतं, म्हणजे त्या दिवशी दारं-खिडक्या लावून आईंना वाऱ्याच्या उलट बाजूच्या खोलीत बसवता येईल. दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस यांबद्दल विचारून घ्या. बऱ्याच उचलींची सुरुवात घरातल्या साध्या सर्दीनं होते, म्हणून नातवंडाला सर्दी असेल तर चार दिवस आजीच्या अंथरुणात नको.

आईंशी बोलताना कार्ड हातात घेऊ नका. त्या स्वैपाकघरात बसल्या असतील तिथे जवळ बसून सांगा: ‘आई, तुझ्या जुन्या धापेच्या दुखण्यानं थंडीत उचल खाल्ली होती. औषधानं ती बसली. परत खाऊ नये म्हणून हा पंप आहे.’ ‘तुला काही झालेलं नाही’ असं म्हणू नका, तीन रात्री बसून त्यांनी काढल्यात, त्यांना माहीत आहे काय झालं होतं. पैशांचा विषय त्यांनी काढला तर टाळू नका. पाच दिवसांच्या ॲडमिशनचं बिल आणि पंपाचं महिन्याचं बिल, दोन्ही त्यांच्यासमोर ठेवा. आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला हा हिशेब तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळतो.

धाप लागली की काय करायचं तेही शिकवा. त्यांना फुंकणी माहीत आहे, पण इथे तसं जोरात फुंकायचं नाही. बशीतला गरम चहा सांडू न देता गार करतो तसं, ओठांचा चंबू करून, सावकाश. नाकानं दोन अंक मोजून आत, चंबूतून चार अंक मोजून बाहेर. पुढे वाकून, कोपर मांडीवर टेकून. जिना चढताना, केस विंचरताना, पाण्याची कळशी उचलताना हे जमलं की धापेची भीती पुष्कळ कमी होते.

आणि एक वही करा. फार लिहायचं नाही. ज्या दिवशी धाप नेहमीपेक्षा जास्त, किंवा बेडका जास्त, किंवा रंग बदलला, त्या दिवशी तारीख आणि दोन शब्द. लागोपाठ दोन दिवस अशी नोंद पडली तर तिसऱ्या रात्रीची वाट न बघता डॉक्टरांना फोन. या वेळी तीन रात्री बसून काढल्यावर दवाखाना गाठला. पुढच्या वेळी पहिल्या रात्रीनंतर गाठला तर कदाचित ॲडमिट करावंही लागणार नाही. वहीचं पहिलं पान म्हणून मागच्या महिन्यातली उचल लिहा, सुरू झाल्याची तारीख आणि घरी आल्याची तारीख, दोन्ही. हे आईंच्या समोर लिहा, लिहिता-वाचता येत असेल तर त्यांनाच लिहू द्या.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा कार्ड, वही आणि पंप तिन्ही पिशवीत घाला. पंप डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि आईंना तिथे एकदा ओढून दाखवायला सांगा. चार-चार वर्षं पंप वापरणारी माणसं औषध जिभेवर उडवून गिळत असतात आणि घरी कुणाच्या ते लक्षात आलेलं नसतं. तसं दिसलं तर स्पेसर मागा. पंपाला जोडायचा तो प्लास्टिकचा फुगीर डबा, आईंच्या वयाला त्यातून औषध ओढणं सोपं जातं.